शंभर पौंडांच्या आतला संगणक

१९७९ सालच्या मे महिन्यात लंडनच्या 'फायनॅन्शियल टाइम्स' या वृत्तपत्रात एक भाकीत छापून आले : येत्या पाच वर्षांत घरगुती संगणकाची किंमत शंभर पौंडांच्या खाली येईल. अमेरिकेत ॲपल-२ बाजारात येऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती आणि त्याची सुरुवातीची किंमत होती १२९८ डॉलर. म्हणजे भाकीत चांगलेच धाडसी होते. केंब्रिजचे उद्योजक क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी मात्र पाच वर्षे वाट पाहिली नाही. १९८० च्या सुरुवातीलाच त्यांनी 'झेडएक्स-८०' हा संगणक ९९ पौंड ९५ पेन्सला विकायला काढला. सुटे भाग घेऊन घरी जोडायची तयारी असेल, तर ७९ पौंड ९५ पेन्स. पाच पेन्स कमी ठेवण्याची ही युक्ती बाटाच्या चपला घेणाऱ्या आपल्या वाचकांना नवी नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी, ५ मार्च १९८१ रोजी, त्याचा धाकटा भाऊ 'झेडएक्स-८१' आला. किंमत ६९ पौंड ९५ पेन्स, त्या वेळच्या दराने साधारण बाराशे रुपये. या लेखात आपण मुख्यतः याच यंत्राकडे पाहणार आहोत. त्याच्याहून चांगले संगणक तेव्हाही होते. पण किंमत आधी ठरली आणि यंत्र मागाहून बनले, तर त्या यंत्राचे काय होते, हे या संगणकात जितके उघड दिसते तितके क्वचितच दिसते. प्रयोगशाळेत आम्ही याच्या नेमके उलटे करतो. आधी काय मोजायचे ते ठरते, मग उपकरण, मग खर्चाचा अंदाज आणि मग अनुदानासाठी अर्ज. सिंक्लेअर यांची सुरुवातच शेवटच्या आकड्यापासून होती.

त्यांची ही रीत जुनीच होती. १९७२ साली त्यांनी 'एक्झिक्युटिव्ह' नावाचा खिशात मावणारा गणकयंत्राचा नमुना काढला. त्या काळच्या गणकयंत्रांच्या चिप इतकी वीज खात, की जाड बॅटऱ्या लागत. सिंक्लेअर यांच्या अभियंत्यांनी चिपचा वीजपुरवठा सतत तोडायचा आणि जोडायचा असे ठरवले. तोडलेल्या क्षणभरात चिपमध्ये साठलेल्या विद्युतभारावर तिची स्थिती टिकून राही. वीज इतकी वाचली, की कर्णयंत्रातल्या बटणाएवढ्या बॅटऱ्यांवर ते गणकयंत्र चालू लागले. याच काटकसरीच्या हव्यासापायी १९७५ सालचे त्यांचे 'ब्लॅक वॉच' हे इलेक्ट्रॉनिक घड्याळ सपशेल फसले, हेही सांगायला हवे.

घरातल्या वस्तू कामाला लावणे

संगणकाला पडदा लागतो, माहिती साठवायचे साधन लागते, कळफलक लागतो. पडदा आणि साठवणूक ही दोन सर्वांत महाग. पण ब्रिटनमधल्या घरात टी.व्ही. होता आणि कॅसेट टेपरेकॉर्डरही होता. मग संगणकाबरोबर ते विकायचे कशाला? प्रोग्रॅम टेपवर आवाजाच्या रूपात भरून ठेवायचा आणि चित्र टी.व्ही.वर दाखवायचे. ही कल्पना एकट्या सिंक्लेअर यांची नव्हती. मात्र टी.व्ही.वर चित्र दाखवण्याच्या कामातही जी बचत त्यांनी केली, ती पाहण्यासारखी आहे.

काचेच्या नळीच्या टी.व्ही.त इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर एकापाठोपाठ एक आडव्या ओळी काढत जातो. एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे ६४ दशलक्षांश, एवढा वेळ मिळतो. सेकंदाला पन्नास वेळा झोत वरून खाली येतो आणि दर खेपेला सुमारे ३१२ ओळी काढतो. तो कोणासाठी थांबत नाही. झोत जिथे असेल तिथे उजेड हवा की अंधार, हे त्याच क्षणी सांगावे लागते. म्हणून इतर संगणकांत या कामाला वेगळे मंडल असे. सिंक्लेअर यांचे अभियंता जिम वेस्टवुड यांनी ते मंडल जवळजवळ गाळून टाकले आणि काम प्रोसेसरच्याच गळ्यात घातले. स्वयंपाक करणाऱ्यालाच पंगतीत वाढायला उभे करावे, आणि पंगत अशी की एकाही पानाला थांबायची सवय नाही, असा हा प्रकार होता.

प्रोसेसर हे कसे करतो? त्याचे नेहमीचे काम म्हणजे मेमरीतल्या एकेका घरातून आज्ञा उचलायची, पाळायची आणि पुढच्या घराकडे जायचे. झेडएक्स-८० मध्ये त्याला चक्क पडद्यावरच्या मजकुराच्या घरांतून चालायला लावले आहे, जणू ती अक्षरे म्हणजेच आज्ञा आहेत. तो एक अक्षर उचलतो, पण ते त्याच्या हाती पडण्याआधी बाजूचे छोटे मंडल ते टिपून घेते आणि प्रोसेसरच्या हातावर 'काही करू नकोस' ही आज्ञा ठेवते. प्रोसेसर निमूटपणे काही न करता पुढच्या घराकडे जातो. या प्रत्येक पावलाला घड्याळाचे चार ठोके लागतात. त्यांतल्या शेवटच्या दोन ठोक्यांत या झेड-८० जातीच्या प्रोसेसरला मेमरीतून काही वाचायचे नसते. त्या फटीत मंडल कायमच्या मेमरीतून त्या अक्षराच्या आकृतीची एक पट्टी, आठ ठिपक्यांची, काढून घेते आणि टी.व्ही.कडे पाठवते.

हिशेब जुळतो का ते आपण पाहू. घड्याळ सेकंदाला ३२.५ लाख ठोके देते. एका अक्षराला चार ठोके, म्हणजे १.२३ मायक्रोसेकंद. एका ओळीत ३२ अक्षरे, म्हणून सुमारे ३९ मायक्रोसेकंद. ओळीला मिळणारा वेळ ६४. दोन्ही बाजूंना समास सोडून मजकूर बरोबर बसतो. बारावीच्या विद्यार्थ्यांना हा हिशेब अवश्य करायला द्यावा.

अर्थात वाढपी वाढत असतो तेव्हा चुलीवर काही शिजत नाही. झेडएक्स-८० आकडेमोड करू लागला की पडदा कोरा होई, आणि एकेक कळ दाबतानाही चित्र लचके. झेडएक्स-८१ मध्ये यावर तोडगा निघाला. ३१२ ओळींपैकी मजकुराच्या फक्त १९२, बाकीच्या वरच्या आणि खालच्या कोऱ्या. त्या कोऱ्या ओळी जात असताना प्रोसेसरने आकडेमोड करायची. कोऱ्या ओळी १२०, म्हणजे एकूण वेळाचे ३८ टक्के. पण त्यातही दर ओळीला मोजदादीसाठी त्याला थांबवावे लागे, त्यामुळे प्रत्यक्षात वेग साधारण चौथाईवर येई. घाई असेल तर वापरणाऱ्याने 'फास्ट' ही आज्ञा द्यावी आणि चित्रावर पाणी सोडावे.

एक हजार चोवीस घरे

मूळ यंत्रात मेमरी होती १ के, म्हणजे १०२४ बाइट. या मासिकाच्या एका पानावरची अक्षरेसुद्धा एवढ्या जागेत मावणार नाहीत. त्यांतले १२५ बाइट यंत्राच्या स्वतःच्या नोंदींसाठी. पडद्यावर २४ ओळी, प्रत्येकीत ३२ अक्षरे आणि ओळ संपल्याची एक खूण, शिवाय सुरुवातीला एक खूण. एकूण ७९३ बाइट. राहिले किती? १०६. आणि एवढ्यातच वापरणाऱ्याचा प्रोग्रॅम आणि त्याच्या संख्या!

म्हणून कोऱ्या पडद्यासाठी यंत्र फक्त पंचवीस खुणा ठेवत असे आणि ओळीत जेवढी अक्षरे पडतील तेवढीच जागा वाढवत असे. परिणाम मजेदार होता. उत्तर जितके लांब छापावे, तितकी प्रोग्रॅमला जागा कमी. फळ्यावर जास्त लिहिले की वर्गातली बाके कमी व्हावीत, तसेच म्हणा ना.

बेसिक भाषेतल्या आज्ञा अक्षर-अक्षर करून लिहायच्या नसत. 'पी'ची कळ दाबली की 'प्रिंट' हा सबंध शब्द उमटे आणि मेमरीत तो एकाच बाइटमध्ये राही. यात जागेची बचत होतीच, पण कळफलकाचीही सोय होती. कारण कळा अशा नव्हत्याच. सपाट प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर छापलेले चाळीस चौकोन होते, दाबल्याचे बोटाला कळतही नसे. त्यावर पाच-पाच अक्षरे बडवण्यापेक्षा एकदा दाबणे बरे. शिक्षकांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट मोलाची होती. व्याकरण चुकलेली ओळ हे यंत्र स्वीकारतच नसे आणि चूक कुठे आहे तिथे खूण करून दाखवी. तिथल्या तिथे, न रागावता. स्टीव्ह व्हिकर्स यांनी आठ के च्या कायमच्या मेमरीत बसवलेली ही बेसिक, आमच्या मते, या यंत्रातला सर्वांत चांगला भाग होय.

तरी तीही निर्दोष नव्हती. सुरुवातीच्या काही यंत्रांना ०.२५ चे वर्गमूळ विचारले, की ०.५ ऐवजी १.३५९१४०९ हे उत्तर येई. हा आकडा ओळखीचा वाटतो का? तो ०.५ गुणिले ई आहे, म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिथमच्या पायाची निम्मी किंमत. यंत्र वर्गमूळ लॉगॅरिथमने काढत असे : संख्येचा लॉग घ्यायचा, निम्मा करायचा, उलट फिरवायचे. या वाटेत कुठेतरी घातांक नेमका एकाने वाढला, की उत्तर बरोबर ई पट होते. चुकीच्या उत्तरातून चुकीची जात कळते, ती अशी. पुढे कायमची मेमरीच बदलण्यात आली.

झेडएक्स-८० मध्ये वीसेक चिप होत्या. झेडएक्स-८१ मध्ये त्या चार-पाचांवर आल्या. ही किमया फेरांटी या ब्रिटिश कंपनीच्या एका चिपची. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे गणपती, नक्षी, चौकट आधीच छापलेले गठ्ठे तयार असतात. आपण वधूवरांची नावे आणि मुहूर्त सांगितला की तेवढाच मजकूर वर छापून मिळतो. फेरांटीची चिपही तशीच. तिच्यावर शेकडो तर्कद्वारे आधीच तयार असत, एकमेकांना न जोडलेली. गिऱ्हाइकाच्या आराखड्याप्रमाणे वरचा धातूचा थर तेवढा वेगळा. अगदी नवी चिप घडवण्याचा खर्च वाचे आणि सुट्या डझनभर चिपांची जागा एक घेई. जोडणीचे काम स्कॉटलंडमधल्या डंडी गावी टायमेक्स या घड्याळ कंपनीच्या कारखान्यात होई. आटोपशीर काळी पेटी रिक डिकिन्सन यांनी आखलेली.

विक्री

हे यंत्र सुरुवातीला दुकानात मिळत नसे. वृत्तपत्रांत आणि त्यांच्या रविवारच्या पुरवण्यांत पानभर जाहिरात असे, कोपऱ्यात कूपन. पैसे आधी पाठवायचे, माल २८ दिवसांत घरी येईल असे आश्वासन. २८ दिवसांचे पुष्कळदा काही महिने होत. गिऱ्हाइकाचे पैसे आधी येणार आणि माल नंतर बनणार, तेव्हा भांडवलाची चिंता कमी. हाही किमतीच्या गणिताचाच भाग होता. झेडएक्स-८० च्या जाहिरातीत तर बुद्धिबळ खेळण्यापासून वीजकेंद्र चालवण्यापर्यंत सारे काही करता येईल असे म्हटले होते. १ के मेमरीत! बुद्धिबळाचे मात्र पुढे खरे झाले. डेव्हिड हॉर्न यांनी झेडएक्स-८१ साठी ६७२ बाइटमध्ये बुद्धिबळाचा प्रोग्रॅम बसवून दाखवला. वीजकेंद्र कोणी त्याच्या हवाली केल्याचे ऐकिवात नाही.

१९८१ च्या सप्टेंबरपासून डब्ल्यू. एच. स्मिथच्या दुकानांत तो मिळू लागला. आपल्याकडे रेल्वे स्थानकांवर व्हीलरचे स्टॉल होते, तशी ही इंग्लंडमधली पुस्तके-मासिके विकणारी जुनी साखळी. संगणक हा तज्ज्ञांच्या दुकानातून वह्या-पेन्सिलींच्या फळीवर आला, हा बदल लहान नव्हे. आणि तो विकला गेला तो आई-वडिलांच्या काळजीवर. संगणकयुग येत आहे, आपला मुलगा मागे पडू नये. (जाहिरातीतल्या चित्रांत मुलगी अभावानेच दिसे, त्याची किंमत तो व्यवसाय अजून मोजत आहे.)

पण सत्तर पौंडांवर प्रकरण थांबत नसे. १०६ बाइटचे गणित पंधरा दिवसांत कळून येई आणि मग १६ के चा मेमरीचा डबा घ्यावा लागे. त्याची किंमत ४९ पौंड ९५ पेन्स! म्हणजे खरा संगणक पडला १२० पौंडांना. हा डबा मागच्या बाजूला नुसता खोचलेला असे. सपाट कळफलकावर जोर देऊन टंकन करताना यंत्र हलले, की डबा डुगडुगे, क्षणभर संपर्क तुटे आणि दोन तासांचे काम नाहीसे होई. लोक चिकटपट्टीने तो बांधून ठेवत. दहा-वीस पेन्सचा चांगला जोड घातला असता तर हे टळले असते असे आम्हांला वाटते. आकडा आधी ठरवण्याची किंमत कुठे मोजावी लागते, ते इथे दिसते. काटकसर आणि कंजुषी यांच्यातली रेघ सिंक्लेअर यांना नेहमी दिसली असे नाही.

तरीही झेडएक्स-८१ पंधरा लाखांच्या वर खपला.

घर आणि शाळा

याच सुमारास बीबीसी संगणक-साक्षरतेची एक मोठी मोहीम आखत होती. जानेवारी १९८२ पासून दूरचित्रवाणीवर मालिका, सोबत पुस्तक आणि बीबीसीच्या नावाचा एक संगणक. त्यासाठी सिंक्लेअर यांनीही प्रयत्न केला, पण निवड झाली केंब्रिजच्याच एकॉर्न या कंपनीची. 'बीबीसी मायक्रो'ची रचना पाहिली तर विचाराची दिशाच वेगळी दिसते. इथे प्रोसेसरकडून चित्र वाढून घेतलेले नाही. मेमरी प्रोसेसरच्या दुप्पट वेगाची निवडली आणि एक खेप प्रोसेसरला, एक खेप चित्राच्या मंडलाला, अशी आळीपाळी ठेवली; कोणी कोणासाठी थांबत नाही. खऱ्या कळा, ३२ के मेमरी, उपकरणे जोडायला अनेक खाचा. प्रयोगशाळेत तापमान मोजायलाही तो जोडता येई. मॉडेल-बी ची किंमत ३३५ पौंड जाहीर झाली आणि लवकरच ३९९ वर गेली. ब्रिटिश सरकार शाळांना संगणकाच्या निम्म्या किमतीचे अनुदान देत होते. त्या यादीत बीबीसी मायक्रो होता, सिंक्लेअर यांचे यंत्र नव्हते.

सिंक्लेअर यांचे उत्तर एप्रिल १९८२ मध्ये 'झेडएक्स स्पेक्ट्रम'च्या रूपाने आले. १६ के चा १२५ पौंडांना, ४८ के चा १७५ ला, आणि रंगीत. रंगातही तीच काटकसर. पडद्यावर २५६ गुणिले १९२ ठिपके. प्रत्येकाला एक बिट, म्हणजे ६१४४ बाइट. रंग मात्र ठिपक्याला नव्हे, तर आठ बाय आठच्या चौकटीला. अशा ७६८ चौकटी, म्हणून आणखी ७६८ बाइट. प्रत्येक ठिपक्याला सोळापैकी एक रंग द्यायचा म्हटले असते, तर २४,५७६ बाइट लागले असते, १६ के च्या सबंध मेमरीपेक्षा जास्त. त्यामुळे खेळात निळा माणूस लाल झाडामागून गेला, की त्याच्यासह झाडाचाही तुकडा रंग बदले. ४८ के च्या यंत्रात तर निम्मा भाग बिघडलेल्या मेमरी चिपा स्वस्तात घेऊन त्यांचा चांगला निम्मा भाग वापरलेला होता. याला मात्र आम्ही काटकसरच म्हणू.

स्पेक्ट्रम घेतला शिक्षणाच्या नावाने आणि वापरला खेळांसाठी, हा आरोप खराच आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. ते खेळ बनवणाऱ्यांत पुष्कळसे शाळकरी वयाचेच होते. 'मॅनिक मायनर' हा गाजलेला खेळ लिहिणारे मॅथ्यू स्मिथ १९८३ साली सतरा वर्षांचे होते. कारण ही यंत्रे सुरू केली की समोर दुसरे काहीच नसे. चित्रे नाहीत, यादी नाही, फक्त आज्ञेची वाट पाहणारा पडदा. टेपवरचा खेळ भरायचा तरी एक आज्ञा द्यावी लागे. ही काही शैक्षणिक तत्त्वाने केलेली योजना नव्हती. दुसरे काही ठेवायला जागाच नव्हती.

भारतात १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' हा शाळांतील संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा निवड बीबीसी मायक्रोची झाली. सुरुवातीला सुमारे २५० शाळा होत्या. चंदिगडजवळच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने पुढे त्याच यंत्राची 'युनिकॉर्न' ही आवृत्ती काढली. यंत्र म्हणून ही निवड उत्तम होती. पण एका शाळेच्या वाट्याला मोजकीच यंत्रे आणि वर्ग पन्नास-साठ मुलांचा, तेव्हा एकेका मुलाचे बोट कळफलकाला किती मिनिटे लागणार, हे शिक्षकांना सांगायला नको. एक चांगले यंत्र की पाच डुगडुगणारी, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. आमचा कौल पाचांकडे झुकतो. मात्र चिकटपट्टी हाताशी ठेवून.

सिंक्लेअर यांचा संगणकाचा धंदा एप्रिल १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅड कंपनीने पन्नास लाख पौंडांना घेतला. सिंक्लेअर यांचे सप्टेंबर २०२१ मध्ये निधन झाले. त्याआधी, २००५ च्या आगेमागे, केंब्रिज विद्यापीठात इबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की संगणकशास्त्राला प्रवेश मागणाऱ्या मुलांना दहा वर्षांपूर्वीच्या मुलांइतकेही प्रोग्रॅमिंग येत नाही. घरोघरी संगणक होते, पण सुरू केल्यावर आज्ञेची वाट पाहणारे नव्हते. त्यांनी पुन्हा किंमत आधी ठरवली : २५ ते ३५ डॉलर. २०१२ साली 'रास्पबेरी पाय' आला, पेटीविना, कळफलकाविना, घरच्या टी.व्ही.ला जोडायचा. त्याच्या दोन प्रकारांची नावे मॉडेल-ए आणि मॉडेल-बी, बीबीसी मायक्रोवरून घेतलेली. पहिल्या मॉडेल-बी ची मेमरी झेडएक्स-८१ च्या २,६२,१४४ पट होती.